मागांच्या गावातली शांतता

मुलांना गृहपाठ दिला : घरातली एक मिनिटाची शांतता रेकॉर्ड करून आणा.

आवाजातून गोष्ट सांगायला शिकवताना हा धडा लवकरच येतो. खोली रिकामी असली तरी गप्प नसते. पंखा, फ्रिज, लांबचा रस्ता, भिंतीपलीकडचा टीव्ही या सगळ्यांचा मिळून एक आवाज तिथं कायम पसरलेला असतो, आणि तो फक्त त्या खोलीचा असतो. रेकॉर्ड केलेल्या बोलण्यातून एखादं वाक्य कापलं की त्या जागी ही खोलीची शांतता ठिगळासारखी लावावी लागते. नाही लावली तर ऐकणाऱ्याला तिथं भोक पडल्यासारखं जाणवतं. म्हणून बोलणं संपलं तरी मिनिटभर कुणी हलायचं नाही, रेकॉर्डर चालू ठेवायचा. पुण्यात हे सांगितलं तेव्हा कुणाला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीत, यंत्रमागांच्या गावात, मात्र चौदा मुलं नुसती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी आठवीतला एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्यात शांतता नसतीच."

पुढच्या रविवारी अकरा जणांनी फाइली आणल्या. त्यातल्या नऊ फाइलींत माग होते. खटक-खट, खटक-खट. पहिल्या दोन ऐकल्यावर मला वाटलं, आता पुढच्या सगळ्या अशाच. पण मुलं ऐकताना हसत होती, एकमेकांकडे बोट दाखवत होती, "ही तुमची गल्ली" म्हणून ओळखत होती. मग मीही नीट कान दिला. एका घरात माग भिंतीपलीकडे होते, आवाज मातीतून आल्यासारखा जाड होता. एका घराच्या खालीच कारखाना होता, तिथं मागाच्या प्रत्येक ठोक्याला मांडणीवरची भांडी किणकिणत होती, आणि ज्या मुलानं ते रेकॉर्ड केलं होतं त्याला ती किणकिण आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आली होती. एकीनं फोन पिठाच्या डब्यात ठेवून बघितला होता. शांतता सापडावी म्हणून केलेला तो खटाटोप मला फार आवडला.

अकरावी फाइल एका मुलीची. सुरुवातीला वीसेक सेकंद नुसते माग. मग लाईट जाते. माग एकदम थांबत नाहीत, फिरतं चाक दमत जातं तसे एकेक करत मंदावतात. शेवटचा एक माग दोन-तीन ठोके जास्त घेतो. आणि मग आत कुठंतरी आजी खोकते, लांब कुत्रं भुंकतं, गल्लीत कुणीतरी विचारतं, "गेली काय?" तिनं हे ठरवून केलेलं नव्हतं. रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली इतकंच. खोलीत कुणी बोललं नाही. फाइल संपल्यावर ती हळूच म्हणाली, "आज्जी एवढी खोकती हे मला म्हाईतच नव्हतं."

*

या गावात मी ऑडिओ शिकवायला आले नव्हते. लेखन कार्यशाळा घ्यायला आले होते. एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली आहे, दर रविवारी सकाळी दहा ते साडेबारा ती आम्हाला मिळते. आठवी ते अकरावीची मुलं. बहुतेकांच्या घरी कुणी ना कुणी मागावर, सुताला खळ लावण्याच्या सायझिंगमध्ये नाहीतर कापड घडी करण्याच्या कामावर. पहिले तीन महिने आम्ही कागदावर काढले.

त्या तीन महिन्यांच्या वह्या माझ्याकडे अजून आहेत. "रम्य सकाळ होती. पक्ष्यांचा किलबिलाट चालू होता." हे लिहिणारा मुलगा ज्या गल्लीत राहतो तिथं झाड नाही. तो खोटं लिहीत नव्हता. निबंधात सकाळ अशी असते, असं त्याला सात वर्षं शिकवलं गेलं होतं, आणि तिथून हललं की वहीत लाल शाई उमटत होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीनं मुलं सोपे शब्द निवडायची, आणि सोप्या शब्दांत मावेल एवढंच आयुष्य वहीत उतरायचं.

एका रविवारी वर्ग सुटल्यावर जिन्यात चपला घालता घालता नववीतल्या एका मुलानं मला एक हकिकत सांगितली. टेम्पोतून सुताचा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला मोठा रूळ, सुटला आणि उतारावरून घरंगळत निघाला. पाण्याच्या टाकीजवळ बसलेली माणसं कशी उठली, पानपट्टीवाला काय ओरडला, बीम थांबल्यावर सगळ्यांनी आधी सूत फाटलंय का ते कसं बघितलं आणि टेम्पोवाल्याचं ढोपर फुटलंय हे सगळ्यांत शेवटी कसं ध्यानात आलं. प्रत्येकाचा आवाज वेगळा काढत तो वीस मिनिटं बोलला. पुढच्या आठवड्यात मी म्हटलं, तेच लिहून दे. त्यानं लिहिलं : "एकदा बीम पडला. सर्वांची धावपळ झाली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही."

तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले. नंतरच्या रविवारी पेनं बाजूला ठेवली आणि फोन बाहेर काढले.

*

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं त्याला पाठबळ होतं. म्हणजे सव्वाशे वर्षांच्या आसपास हा ठोका गावात चालू आहे. त्याच संस्थानाच्या आश्रयाला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी शिकून ती महाराष्ट्रात रुजवणारे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे गुरू. मुलांना मी हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, "मग त्यांच्या रियाजाला मागांचा आवाज यायचा का?" मला उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न ज्या कानातून आला तो कान मला शिकवायला मिळतोय याचं त्या दिवशी फार बरं वाटलं.

रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये ४४,१०० असा आकडा दिसतो. फोन एका सेकंदात इतक्या वेळा आवाजाचं माप घेतो. हे समजावताना मी नेहमी सिनेमाच्या फिल्मचं उदाहरण द्यायचे, एकामागून एक फोटो आणि त्यातून हालचाल. इथं मी फळ्यावर आकडा लिहिला आणि पुढं बोलायच्या आतच मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे पीक."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कापडात आडवा जाणारा एकेक धागा म्हणजे पीक. इंचात किती पीक बसले त्यावर कापडाचा दर्जा ठरतो. इथं मागावरच्या कामगाराची मजुरीसुद्धा ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे किती, अशीच बोलली जाते. हे आकडे या मुलांनी जेवताना ऐकलेले असतात. पीक जास्त तर कापड दाट, पीक कमी तर जाळी. आकडा कमी केला तर आवाजाची जाळी होते का, असं त्यांनी विचारलं. आम्ही लगेच करून बघितलं. ८,००० वर आणल्यावर मुलीच्या आवाजातला 'स' विरून गेला, ती जुन्या फोनवरून बोलल्यासारखी ऐकू आली. "विरळ झालं की," एक जण म्हणाला. तेव्हापासून सिनेमाच्या फिल्मचं उदाहरण मी देत नाही.

बाकीचं तंत्र थोडक्यात सांगते, कारण ते खरंच थोडकंच आहे. फोन तोंडापासून एक वीत, आणि थेट समोर नाही, जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' चे फटके बसत नाहीत. फोन विमान मोडवर. पंखा बंद. भिंती उघड्या असतील तर आवाज घुमतो, मग दोन खुर्च्यांवर गोधडी टाकायची आणि आत बसून बोलायचं. विकतच्या फोमपेक्षा आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आवाज चांगला पिते, हे मी स्वतः दोन्ही वापरून सांगते. कापाकापी ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्रॅमवर. ते फुकट आहे आणि वाचनालयातल्या जुन्या संगणकावरही चालतं.

*

आता भाषेबद्दल. यावर मला जास्त बोलायचं आहे.

कोल्हापूर भागात मुली स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी गेलो', 'मी जेवतो' म्हणतात. आया म्हणतात, आज्याही म्हणतात. मीही म्हणत होते. अठराव्या वर्षी पुण्यात शिकायला गेले, वसतिगृहाच्या दारात पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, कधी आलीस, आणि मी म्हटलं, "आत्ताच आलो." त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी आठ दिवसांत ते 'आलो' गिळून टाकलं. पुढं नभोवाणीच्या कामात, निवेदनात, शिकवण्यात माझी भाषा घासून लख्ख झाली. आई फोनवर म्हणायची, "तू लांबून बोलायलीस असं वाटतंय." मला वाटायचं, फोनची लाईन खराब असेल.

तर या वर्गात दहावीतली एक मुलगी आहे. तिची गोष्ट आजीबरोबर कांड्या, म्हणजे मागावर लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायला जाण्याची. कागदावर तिनं लिहिलं होतं : "मी आजीसोबत कांड्या भरायला गेले होते." रेकॉर्डिंगमध्ये तिनं तेच वाक्य म्हटलं, "मी आज्जीसंगं कांड्या भराय गेलतो." कागदातलं वाक्य बातमीसारखं होतं. दुसऱ्यात सकाळची वेळ होती, आजीचं बोट धरल्यासारखा वेग होता, आणि 'गेलतो' मधे सहा वर्षांची मुलगी उभी होती. हेडफोनमधून ते ऐकताना मला घशाशी आलं. तीस वर्षांनी माझंच कुणीतरी बोलत होतं.

तिची गोष्ट सहा मिनिटांची झाली. आजी ओव्या म्हणते त्याचाही एक तुकडा त्यात आहे. त्या तुकड्याची गंमत अशी की आजी आधी गायलाच तयार नव्हती. म्हणून मी वर्गात जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहातली काही ध्वनिमुद्रणं ऐकवली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून, बायकांकडून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्या ठेव्यातला काही भाग आज इंटरनेटवर ऐकता येतो. मुलीनं त्यातलं एक ध्वनिमुद्रण घरी नेऊन आजीला ऐकवलं. ऐकून झाल्यावर आजी म्हणाली, "एवढंच व्हय? मग घे की माझं." आणि चाळीस मिनिटं थांबली नाही.

फेब्रुवारीत एका शाळेतून निरोप आला. २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात ती गोष्ट ऐकवायची होती. आम्हाला आनंद झाला. चार दिवसांनी दुसरा निरोप : गोष्ट छान आहे, फक्त मुलीचं बोलणं शुद्ध करून परत रेकॉर्ड करा, आजीचं राहू दे तसंच. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतरचा तो पहिलाच गौरव दिन होता, त्यामुळे कार्यक्रम नीटनेटका व्हावा, अशी त्यांची कळकळ होती.

मी मुलीला सगळं सांगितलं आणि निर्णय तिच्यावर सोडला. हे बरोबर केलं का, याचा मी अजून विचार करते. पंधरा वर्षांच्या मुलीवर एवढं ओझं टाकायचं का? पण गोष्ट तिची होती आणि आवाजही तिचाच होता. तिनं खरंच प्रयत्न केला. गोधडीच्या आत बसून 'मी गेले होते' असं चार वेळा रेकॉर्ड केलं. मग बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, हे चांगलं झालंय, पण ह्यात मी न्हाई. दुसरंच कोणतरी आमच्या आज्जीकडं गेलंय असं वाटतंय." कार्यक्रमात ती गोष्ट वाजली नाही. मला त्या लोकांशी भांडायचं नाही, त्यांनी प्रेमानंच बोलावलं होतं. पण म्हातारीची बोली चालते आणि नातीची चालत नाही, या मागणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : ही भाषा आता मरणार आहे, तिचं शेवटचं रेकॉर्डिंग करून ठेवू. नात समोर उभी राहून तीच भाषा बोलत असताना.

मला प्रमाण मराठी हवीच आहे. मुलांना अर्ज लिहिता यावा, पुण्या-मुंबईत मुलाखत देता यावी, ज्ञानाची पुस्तकं वाचता यावीत. पण आमच्या वर्गात आता क्रम बदललाय. आधी बोलायचं, मग स्वतःचं ऐकायचं, मग ऐकलेलं जसंच्या तसं लिहून काढायचं. बीमची गोष्ट सांगणाऱ्या मुलानं स्वतःची वीस मिनिटं अशी उतरवून काढली. त्याला तीन रविवार लागले. लिहिताना त्यानं एक शोध लावला : जिथं तो श्वास घेतो तिथं पूर्णविराम येतो, आणि जिथं अर्धाच श्वास घेतो तिथं स्वल्पविराम. विरामचिन्हांचा धडा मी त्याला कधी दिलाच नव्हता. आता त्याच्या वहीत अकरा पानं आहेत आणि लाल शाईला तो घाबरत नाही. ऱ्हस्व-दीर्घ विचारायला आपणहून येतो.

यात माझं नवीन काही नाही. शंकर पाटील इथून जवळच्या पट्टणकोडोलीचे. ते, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव फिरून कथाकथन करायचे तेव्हा याच भागातली बोली भरल्या सभागृहांत घुमत होती. कीर्तनकार पूर्वरंगात विषय मांडतो, उत्तररंगात आख्यान लावतो. आमच्या मुलांच्या गोष्टींना मी हीच बैठक देते : आधी मिनिटभर तुझं म्हणणं, मग गोष्ट, आणि शेवटी म्हणण्याकडे परत यायचं की नाही ते तू ठरव. पॉडकास्टच्या परदेशी पाठांपेक्षा हे त्यांना लवकर कळतं, कारण त्यांनी कीर्तनात बसून ते ऐकलेलं असतं.

*

एकदा आम्हाला एक फाइल पुसावी लागली.

एका मुलानं घरातलं भांडण रेकॉर्ड केलं होतं. लपून. पैशावरून, आई-वडिलांचं. रेकॉर्डिंग म्हणून ते विलक्षण होतं, आणि ते विलक्षण आहे हे मला पहिल्या दहा सेकंदांत कळलं, याची मला अजून टोचणी आहे. मी ते थांबवलं. बाकीच्यांना खाली चहाला पाठवलं. त्याला विचारलं, आईला सांगितलंस का? तो म्हणाला, "सांगितलं असतं तर ती बोलली नसती." मग आम्ही दोघं बसलो आणि ते त्यानं स्वतः पुसलं, कचऱ्याच्या डब्यातूनही. त्यानंतर वर्गात नियम झाला : माणूस बोलायच्या आधी त्याला विचारायचं, आणि गोष्ट तयार झाल्यावर परत एकदा ऐकवून विचारायचं. दुसऱ्यांदा विचारणं जास्त महत्त्वाचं, कारण आपला आवाज दुसऱ्याच्या गोष्टीत कसा ऐकू येतो हे माणसाला आधी कळत नाही. आतापर्यंत दोघांनी दुसऱ्यांदा नाही म्हटलंय. त्या दोन्ही गोष्टी वाजल्या नाहीत.

तो मुलगा महिनाभर आला नाही. मग आला. त्यानं भांडणाची गोष्ट केली नाही. भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरात जे आवाज येतात त्यांची केली. भांडी जरा जोरात ठेवली जातात. चहा देताना कप दिला जात नाही, शेजारी ठेवला जातो. त्या साडेतीन मिनिटांत एकही शब्द नाही. ती गोष्ट त्यानं आईला ऐकवली आणि आईनं हो म्हटलं.

*

नोव्हेंबरात आम्ही मिरजेला गेलो होतो, सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत. इचलकरंजीहून तासाभराचा रस्ता. ही घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. ते हात पुढं वाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं कारागिरांनी काम करता करता सांगितलं, आणि मुलांनी रेकॉर्डही केलं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच लागलं होतं. एक वयस्कर कारागीर जवारी लावत होते, म्हणजे तारेचा झंकार जुळवत होते. तारांखालच्या घोडीवरून कानस फिरवायची, फुंकर मारायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, परत कानस. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवायचा. धागा केसभर सरकला आणि बंद असलेला आवाज उघडला, मधमाश्यांसारखा गुणगुणायला लागला.

"काका, ह्यो आमच्यातलाच धागा की," एक मुलगा म्हणाला.

"मग? सूत ते सूतच," ते म्हणाले आणि त्यानं आवाज कुठं उघडतो ते स्वतः शोधावं म्हणून धागा त्याच्या हातात दिला. त्याला पाऊण तास लागला. पाऊण तास एका मुलानं एकच आवाज ऐकला. मी ठरवलं असतं तरी असा पाठ मला घेता आला नसता.

*

एक गोष्ट आम्हाला रेकॉर्ड करताच आली नाही, ती बनवावी लागली. एका मुलीच्या वडिलांनी त्यांचे साधे माग विकले. धोट्याचे, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी धोट्यावर चालणारे माग आता परवडत नाहीत, बिनधोट्याच्या नव्या मागांपुढं टिकत नाहीत, तेव्हा ते किलोवर भंगारात जातात. तिला त्या दिवसाची गोष्ट सांगायची होती आणि तिच्याकडे त्या मागांचा आवाज नव्हता. दुसऱ्या कारखान्यातला वापर म्हटलं तर म्हणाली, "तो आमचा न्हाई."

मग आम्ही वाचनालयात माग बांधला. पावसासाठी पत्र्यावर तांदूळ, आगीसाठी वर्तमानपत्र चुरगाळायचं, असले प्रकार मुलांना माहीत होते. इथं मात्र कार्ड-कॅटलॉगचे जुने लाकडी खण, एक कुलूप, पट्टी आणि लोखंडी खुर्ची कामाला आली. खण लोटायचा, पट्टी हाणायची, खण ओढायचा. दोन रविवार ती डोळे मिटून बसायची आणि मान हलवायची. "मधी धोटा जायला वेळ लागतो ताई. तुम्ही लगेच मारताय." एका साध्या मागावर धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे जातो. त्याला लागणारा वेळ म्हणजे सेकंदाचा अगदी लहान तुकडा. तो तिला ऐकू येत होता. जेव्हा जमलं तेव्हा तिनं डोळे उघडले नाहीत, फक्त हात वर केला.

*

या गोष्टी ऐकवायच्या कुठं, हा प्रश्न उरतोच. हवेतल्या लहरी ही लोकांची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सांगितलं. मुख्य निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंतांचा. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो, आणि साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' २००८ पासून चालू आहे. आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत, पैसे नाहीत. आम्ही तीन महिन्यांतून एकदा वाचनालयात ऐकण्याची सभा भरवतो. खुर्च्या गोल, दिवे अर्धे, मध्ये एक स्पीकर. बघायला काहीच नसतं, त्यामुळे सुरुवातीला मोठ्या माणसांना हात कुठं ठेवावेत कळत नाही.

मागच्या सभेत बीमवाल्या मुलाची दुसरी गोष्ट होती. नाव 'तीन नंबर'. त्याचे वडील ज्या कारखान्यात काम करतात तिथल्या तीन नंबरच्या मागाबद्दल. वडिलांना बोलतं करणं अवघड होतं. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा कायद्यानं घातलेली आहे, पण त्यांचे कान कितीतरी वर्षं मागांत गेलेले. घरी ते फार मोठ्यानं बोलतात, आणि प्रश्न विचारला की एका शब्दात उत्तर देतात. कारखान्यात तर सगळं बोलणं हातवाऱ्यांचं. मग मुलाला युक्ती सुचली. लाईट गेली की सगळे कामगार दारात येऊन बसतात आणि तेव्हा बोलतात. मालकाला विचारून हा खिशात फोन घेऊन लाईट जायची वाट बघत तिथं बसायचा. दोन महिन्यांत तीनदा साधलं. त्या तीन अंधारांमधून त्यानं वडिलांचं बालपण, पहिली रात्रपाळी, आणि मागाचा आवाज ओळखायला ते कसे शिकले, हे सगळं बाहेर काढलं.

वडील सभेला रात्रपाळी करून थेट आले होते. केसांत कापसाचे तंतू. मी पुढची खुर्ची दिली तर "ऱ्हावू द्या मॅडम" म्हणून मागं उभे राहिले. गोष्ट सुरू झाली, त्यांचाच आवाज आला, तेव्हा ते खाली बघत होते. त्यांना नीट ऐकू येतंय की नाही, याची मला काळजी वाटत होती. मग तीन नंबरचा माग सुरू झाला. ते गर्दीतून वाट काढत मध्ये आले, गुडघ्यावर बसले आणि स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला. अर्धा मिनिट तसेच बसले.

"पिकर गेलाय ह्याचा," ते मोठ्यानं म्हणाले. सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "उजवीकडचा. उद्या बघाय पायजे."

पुढच्या रविवारी मुलगा वेळेआधी आला. धोट्याला ढकलणारा पिकर खरंच झिजला होता, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरनं तो बदलला. पण त्यामुळे त्याच्यापुढं एक अडचण उभी राहिली होती आणि ती त्यानं वर्गात मांडली. तीन नंबरचा आवाज आता बदललाय. मग गोष्टीत कुठला ठेवायचा? जुना ठेवला तर ते आज खरं नाही, नवीन घातला तर पप्पांनी ज्याच्यावर हात ठेवला तो आवाज जातो. यावर चौदा मुलं तासभर वाद घालत होती आणि मी फळ्याला टेकून ऐकत होते. शेवटी जुनाच ठेवायचं ठरलं.

घरी जायच्या आधी त्यानं मला आणखी एक फाइल पाठवली. आदल्या रात्री कारखान्यात जाऊन केलेली, बरोबर एक मिनिटाची. नाव दिलं होतं : 'तीन नंबर, पिकर बदलल्यावर'.